वच्छलाच्या बांधीतला दुधाचा गिलास

लाखनीच्या अलीकडे आमचं गाव. रोवणीच्या दिवसांत इथे सोनं मिळेल, बाया मिळणार नाहीत. सगळ्यांच्या धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, एकदमच रोवायला येतात. तरी माझी शेजारीण वच्छला हिच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, बाया टिकतात. नवरा ट्रकवर, घरात ही एकटी. मला वाटायचं, काहीतरी चारत असेल. चारते ती गोष्ट! रात्री टीव्हीवर खुनाची मालिका पाहायची आणि दिवसा चिखलात वाकून, मागे सरकत ती बायांना सांगायची. धुरा, म्हणजे बांधीचा काठ, जवळ आला की थांबायची. "बाकी उद्या."

यंदा तिची अर्धी रोवणी उरली होती आणि पऱ्हे पिवळे पडू लागले होते. नेमकं तेव्हाच शेजारच्या बांधीवाल्या कुंताबाईनं बायांना चहाला बोलावलं. कुंताबाई आणि फुकटचा चहा? माझ्या कपाळाला तेव्हाच आठी पडली.

दुसऱ्या दिवशी चिखलात उतरताच बायांमधली सरिता म्हणाली, "खून दिरानं केला म्हणते. कुंताबाईनं मोबाईलवर पुढचं सारं पाहून सांगतलं. आता काय आयकाचं? उद्यापासून आमी तिच्याकडं जाऊन राहिलो."

वच्छलाचा हात थांबला. मी धुऱ्यावरून टक लावून पाहत होते, रडते की शिव्या देते. तिनं पऱ्ह्यांची पेंडी उचलली.

"हो, दिरानंच केला. तुमाले ठाऊक, मले ठाऊक. पर त्या भावजयीले कुठं ठाऊक? थो दीर दुधाचा गिलास घेऊन आला. हे म्हणते, भाऊजी, किती काळजी करता वो माही!"

सरितानं मान वर केली.

"मंग?"

"मंग काय, दूध गरम होतं. फुकून राहिली."

"नोको पिऊ वो माय!" सरिता चिखलाकडे पाहून ओरडली. "पेते का वच्छला?"

"बाकी उद्या."

कुंताबाईकडे कोणी गेलं नाही. वच्छलाची रोवणी संपेपर्यंत ती भावजय दूध फुंकतच होती.

मला संशय आला. मी तो भाग शोधून पाहिला. त्यात पोलीस दिराला सरळ धरून नेतात. दूध नाही, गिलास नाही. संध्याकाळी वच्छलाला कुंपणाशी गाठलं.

"काहो, थो गिलास कोणत्या भागात आहे?"

"बेबीबाई, तुही रोवणी कवा?"

"परवा."

"मंग तुह्या बांधीत मी बोलू, का मुक्यानं रोवू?"

आता कोणी विचारलं तर मी छातीठोक सांगते. गिलास मी पाहिलाय. स्टीलचा होता.