उजव्या कानामागची गाठ

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात सगळे कानसेन म्हणत. चालू पंपाच्या बेअरिंगवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ उजव्या कानाशी दाबायची आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटांत निकाल: "अजून महिनाभर चालेल," नाहीतर "खोला." एकतीस वर्षांत निकाल चुकला नव्हता, आणि त्याचा तोरा घरातही चालायचा.

मग एकदा त्यांनी तीन नंबरचा पंप बंद करून खोलायला लावला. अर्ध्या शहराचं पाणी तुटलं आणि बेअरिंग निघालं नव्यासारखं. पंधरा दिवसांनी एक नंबरचा पंप. तोही ठणठणीत. साहेब अवाक्षर बोलले नाहीत, त्यामुळे भाऊजी जास्तच खजील झाले. शेवटी एका दुपारी बंद पंपाला स्क्रूड्रायव्हर लावून पाहिला, तर तीच बारीक शिट्टी! आवाज बेअरिंगमध्ये नव्हताच, त्यांच्याच कानात होता.

हे त्यांनी दोन महिने कुणाला सांगितलं नाही. जिन्यात भोवळ येऊन भिंतीला धरून बसले, तेव्हा कुठे ताईला कळलं. "कानसेन, आता तरी दुसऱ्याचं ऐका," मी म्हणाले. माझ्या जिभेला हाड नाही, काय करू?

एमआरआयमध्ये गाठ निघाली. वाटाण्याएवढी, पण बसली होती नको तिथे: आतल्या कानाकडून मेंदूच्या देठाकडे जाणाऱ्या नसांपाशी. पहिल्या डॉक्टरांनी नसेचीच गाठ म्हणून सांगितलं, आणि मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख ठरली. ताई रात्री उठून रिपोर्ट वाचत बसायची. भाऊजी मात्र सुटल्यासारखे वागायला लागले. "बिघाड सापडला ना? मग काढायचा. बिघाड ठेवून मशीन चालवत नाहीत." मला असा संताप आला! माणसाचं डोकं म्हणजे काय पंप आहे?

चार दिवस उरले असताना ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईंनी पुन्हा एमआरआय करायला लावला. या वेळी चित्रात चरबी काळी दिसेल, अशा पद्धतीनं. मग रिपोर्टसाठी आम्ही तिघं बाहेर बाकावर. ताई पदराचं टोक पिळत होती.

डॉक्टरबाईंनी आत बोलावून दोन्ही चित्रं शेजारी लावली. एकात पांढरा ठिपका, दुसऱ्यात त्याच जागी काळोख. "ही नसेची गाठ नाही. चरबीची आहे, साधी. कॅन्सर नाही. बहुधा जन्मापासूनच असेल."

ताईला रडूच फुटलं. भाऊजी म्हणाले, "चरबीच ना? मग तर सोपं. काढून टाका."

"खरी गोम तिथेच आहे. ऐकण्याची नस आणि चेहरा हलवणारी नस, दोन्ही या चरबीत गुंतल्यात. ती ओढली तर नसांना इजा होणार. अशी गाठ सहसा वाढत नाही. आपण दरवर्षी एमआरआय करू, कान तपासू, चक्करेला औषध देऊ. मी तरी हात लावणार नाही."

"आणि शिट्टी?"

"कदाचित राहील. तिच्यासोबत राहायला शिकवू तुम्हाला."

"शिट्टी राहिली तर मी पंपघरात करू काय? झाडू मारू?" भाऊजींचा आवाज चढला. टेबलावरचा संमतीचा कागद त्यांनी स्वतःच ओढून घेतला. "आत काहीतरी आहे हे माहीत असून वर्षानुवर्षं नुसतं बघत बसू? तुम्ही नाही, तर दुसरं कुणी काढेल."

"काढेल. पण त्या कानाला आज जे ऐकू येतंय, तेही बहुधा जाईल."

"त्या कानात राहिलंय काय? नुसती शिट्टी!" त्यांनी खिशातून पेन काढलं.

ताई उठली. डॉक्टरांना न विचारता तिनं नवऱ्याचा डावा कान तळव्यानं घट्ट दाबला, खाली वाकली आणि उजव्या कानाशी काहीतरी बोलली. शेजारी बसून मलाही ते कळलं नाही.

भाऊजी म्हणाले, "एक अक्षर कळलं नाही."

ताईचा हात गळून पडला.

"पण तू बोललीस, हे कळलं." त्यांनी सही न करताच कागद डॉक्टरबाईंकडे परत सरकवला. "बाई, तेवढं राहू द्या."