भाड्याचा रेग्युलेटर, घरचा मास्क

टॅक्सी एचएसआर लेआउटमधल्या आमच्या गल्लीत आली तेव्हा नुकतं उजाडत होतं. ड्रायव्हरने माझी बॅग उचलली आणि परत खाली ठेवली.

“एनु सार, कल्लु तुंबिद्दीरा?” (काय साहेब, दगड भरलेत का?)

उत्तर माझ्या बायकोने, वसुधाने दिलं. तिचं माहेर बेंगळुरूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं मराठी घर, त्यामुळे कन्नडमध्ये भांडायचं किंवा विनोद करायचा तर ते काम तिचंच. ती त्याला म्हणाली, दगड असते तर बरं होतं अण्णा, ते तिथेही मिळतात.

बॅगेत स्कूबाचं सामान होतं: तोंडात धरून सिलिंडरमधली हवा ओढायचा रेग्युलेटर, हवेचं जॅकेट, फिन्स आणि रबरी सूट. आम्ही कोचीहून लक्षद्वीपला जाणाऱ्या पर्यटक जहाजावर निघालो होतो. हे सगळं न्यायचं की तिकडे भाड्याने घ्यायचं, यावर आमचा बरेच दिवस वाद चालला होता. वसुधाच्या मते फक्त मास्क न्यावा, बाकी सगळं तिकडे मिळतं. माझं म्हणणं, परक्या यंत्रातून श्वास घेणार नाही. मी सांगलीहून इथल्या सरकारी कारखान्यात लागलो आणि नोकरीभर दाबमापकं तपासत आलो. जो काटा मी तपासलेला नाही, तो माझ्या लेखी चुकीचाच. वसुधा याला खोड म्हणते.

मास्कबद्दल मात्र एकमत होतं. वसुधाच्या चष्म्याचा नंबर उणे नऊ, आणि कॉन्टॅक्ट लेन्स तिच्या डोळ्यांना मानवत नाहीत. डायव्हिंगचा कोर्स संपवायला आम्ही नेत्राणी बेटाजवळच्या समुद्रात उतरलो होतो, तेव्हा भाड्याच्या साध्या मास्कमधून तिला निळा रंग आणि माझी धूसर आकृती, एवढंच दिसलं. परतीच्या वाटेवर मी एकेक मासा तिला रंगवून सांगितला आणि ती हं हं म्हणत राहिली. या वेळी आम्ही तिच्या नंबरच्या काचा बसवलेला मास्क करून घेतला होता.

“मला एक कासव बघायचंय,” ती म्हणाली होती. “माझ्या डोळ्यांनी, आणि तुम्ही शेजारी असताना. मागनं तुमच्याकडनं ऐकायचं नाही.”

जहाज कदमत बेटापाशी एकच दिवस थांबणार होतं. म्हणजे बुडी एकच आणि कासव दिसलं तर तेव्हाच.

विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं. मी सूट बाहेर काढून हातावर घेतला. रांगेतल्या एका बाईंनी आपुलकीने विचारलं, “सर, ट्रेकिंग?” मी हो म्हणालो. कोचीच्या धक्क्यावर घामाने भिजलो असताना सुरक्षारक्षकाने माझा डायव्हिंगचा चाकू काढून घेतला. उतरताना परत मिळेल, असं सांगून तो पपई कापायला आलेल्या माणसाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला. जहाजावरचं जेवण बरं होतं. सांबार बेंगळुरूसारखं गोडसर नव्हतं, याचं वसुधाला वाईट वाटलं.

सकाळी कदमत दिसलं. लांबट, चपटं बेट, त्यावर माडांची दाटी, आणि भोवती उथळ पाण्याचा फिका हिरवा पट्टा. जहाज बाहेरच थांबलं आणि आम्ही छोट्या होडीतून किनाऱ्यावर गेलो. तिथे नासर नावाचा बेटावरचाच प्रशिक्षक भेटला. त्याने माझं सामान कौतुकाने पाहिलं, मग रेग्युलेटर सिलिंडरला लावून पाहिला, आणि शांतपणे म्हणाला, “सर, ये नहीं लगेगा.”

माझ्या रेग्युलेटरचं तोंड आट्यांचं, फिरवून बसवायचं. त्याच्या सिलिंडरांना वरून आवळायचा क्लँपवाला लागत होता. मी या रेग्युलेटरचा सराव केला तो कोरमंगलाच्या पोहण्याच्या तलावावर आणि तिथले सिलिंडर आट्यांचे, म्हणून जगभर तसेच असणार, असं मी धरून चाललो होतो. मधला जोड त्याच्याकडे नव्हता आणि माझ्याकडेही नव्हता. रेग्युलेटरचा कणन्‌कण मी तपासला होता, पण तो कशाला जोडायचा हे विचारलंच नव्हतं.

नासरने भाड्याचा रेग्युलेटर पुढे केला. त्याच्या दाबमापकाच्या काचेवर ओरखडे होते. मी वसुधाला म्हणालो, “तू जा नासरबरोबर. मी इथे थांबतो.”

“सरी, ठीक आहे,” ती म्हणाली आणि मास्क मांडीवर ठेवून वाळूतच बसली. “मग मीपण थांबते. स्वल्प ऊन लागेल, एवढंच.”

ती रागावलेली नव्हती, खरंच बसून राहणार होती. मी भाड्याचा रेग्युलेटर घेतला.

खाली पांढरी वाळू होती आणि पोवळ्यांचे खडक होते. याहून जास्त मला सांगता येणार नाही, कारण मी त्या काट्याकडे बघत होतो. काटा सावकाश खाली येत होता, अगदी जसा यायला हवा तसा, आणि तरीही मी मनातल्या मनात हिशेब ताडून बघत होतो. मधेच वसुधाने माझा हात जोरात ओढला. हवा संपली की काय, या धास्तीने मी झटकन तिचा काटा पाहिला. भरपूर हवा होती. सगळं ठीक, अशी खूण करून मी मान वर केली. ती हसत होती. हसल्यामुळे तिच्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं, आणि ती निळ्या, रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवत होती.

वर आल्यावर नासर म्हणाला, “कछुआ देखा ना सर? एकदम पास.” मी मान हलवली. दुपारी भाताबरोबर चूरा (कुप्पा मासा) होता, वर ओलं खोबरं. वसुधाने दोनदा वाढून घेतला. मला कासव दिसलंच नव्हतं, हे मी तिला तिथेच, जेवताना सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

परत आलो तेव्हा बेंगळुरूच्या विमानतळापासून घरापर्यंत नेहमीचा ट्रॅफिक होता. डिकीत न वापरलेला रेग्युलेटर होता. पुन्हा कधी गेलो तर मास्क न्यायचा आणि बाकी सगळं तिकडचं घ्यायचं, हे आता ठरल्यासारखंच आहे. वसुधा मला कासव सांगत होती. पाठीवर शेवाळ होतं, पुढच्या एका पायाला छोटी खाच होती, जाताना त्याने मान वळवून आपल्याकडे पाहिलं. मी हं म्हणालो. थोड्या वेळाने परत हं म्हणालो. नेत्राणीहून येताना तीही असंच म्हणत होती, आणि मला वाटलं होतं, माझ्या सांगण्यातून तिला सगळं दिसतंय.