डीजेच्या वडिलांच्या नावाआधी काय छापायचं

यवतमाळच्या एका छापखान्यात मी प्रुफं तपासायचो. चूक राहिली की शिव्या मलाच, म्हणून मी जरा खडूसच होतो. एकदा एका बौद्ध कुटुंबाच्या कार्डावर गेलेल्या माणसाच्या नावाआधी मी 'कालकथित'च्या जागी सवयीनं 'कै.' ठेवलं, तर घरच्या बाईनं मला दुकानात येऊन झाडलं. बरोबरच होतं तिचं.

कापसाचे वाईट दिवस चालले होते तेव्हा. त्यात शहरातल्या एका मंडळाची पोरं सत्काराचा मजकूर घेऊन आली. घाटंजीकडचा एक मुलगा इलेक्ट्रॉनिक संगीताचा डीजे झाला होता, गोव्यात, परदेशात वाजवायचा. इंटरनेटवर त्यानंच टाकलेल्या इंग्रजी माहितीची झेरॉक्स त्यांनी टेबलावर टाकली. कापसापायी शेतकरी बापानं जीव दिला तेव्हा हा सात वर्षांचा, घरात संगीताचा गंध नाही, सगळं एकट्यानं शिकला. मी ते दोनदा वाचलं, तेही चुका शोधायला नाही, खोटं कशाला सांगू.

पत्रिकेत पूर्ण नाव हवं, म्हणजे मधे बापाचं नाव आलंच. ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि डीजेशी बोलणं फक्त त्याच्या मॅनेजरमार्फत, तो फोन उचलत नव्हता. शिवाय त्या नावाआधी 'कै.' की 'कालकथित'? पोरं म्हणाली, "काका, काहीही टाका नं!" काहीही टाका म्हणे! मी सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून सरळ त्याचं गाव गाठलं.

त्याच्या घराच्या दारात एक म्हातारा ढोलकीची दोरी ओढत बसला होता. वाटलं, काका-बिका असेल. मी म्हणालो, "डीजेच्या वडिलांचं नाव पाहिजे होतं. ते गेले नं, त्यांच्या नावाआधी तुमच्यात काय लावतात?"

"कोण गेलं?" म्हातारा म्हणाला. "मीच त्याचा बाप हावो."

मी चपला काढत होतो, तो तसाच एका पायावर उभा राहिलो. खिशातून झेरॉक्स काढली, पुन्हा वाचली. गावाचं नाव तेच, मुलगाही तोच. मग त्यात जे लिहिलं होतं ते त्यांना मराठीत सांगितलं. सांगताना माझीच जीभ अडखळत होती. ते रागावतील म्हणून मी तयारीत होतो. ते भलत्याच गोष्टीवर अडले.

"पण माह्याजवळ शेती-वावरच नोयतं बाप्पा. मी तं जिनिंगात कापसाच्या गठाणी उचलल्या सारी जिंदगी. अन संगीत नोयतं कसं? भीमगीताच्या पार्टीत मी वाजवो, अन हा मांडीवर बसून ठेका धरे."

"मग त्यानं असं काहून लिहिलं?"

"मले काय माहीत? परवाच फोन आलता. जेवले का म्हणे, गोळी घेतली का म्हणे." दोरीला गाठ मारत म्हणाले, "यवतमाळले येतो असं नाई बोलला."

मला काही सुधरेना. जो पोरगा बापाच्या गोळीची आठवण ठेवतो, तोच त्याला मारून कसा टाकतो? त्या वर्षांत बाहेरच्या माणसाला जिल्ह्याचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: तुमच्या घरात कोणी आत्महत्या केली का? त्यालाही कोणीतरी तोच विचारला असेल आणि तो हो म्हणून मोकळा झाला असेल. की मीच उगाच त्याची बाजू घेत होतो? अजूनही सांगता येत नाही.

मी म्हणालो, "मी हे सगळं कापतो. खरं ते छापतो."

"नोका कापू," ते घाईनं म्हणाले. "चार लोकांत पोराची इज्जत जाईन. राहू द्या मले मेलेला." मग ढोलकी बाजूला ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "कार्यक्रमाले यिऊ काय पण? वाजवतानी पायलंच नाई मी त्याले कधी."

"या नं काका! पुढच्या खुर्चीवर बसवतो तुम्हाला."

"बसीन. पण कोणी इचारलं तं, कोणाचा कोण म्हणून बसू?"