पराटीचा चिमटा आणि माझी जाहीर नोटीस

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागं एकदा लोकांच्या हातात कप असतानाच ही गोष्ट सुरू केली, तर आमच्या साडूच्या नाकातनं चहा आला अन् पांढऱ्या सदऱ्याचं पार वाटोळं झालं. संपला? बरं. तर वकिलीत माती सगळेच खातात. पण मी खाल्ली ती परभणीत, अख्ख्या जिल्ह्याच्या देखत, अन् तीही पेपरात छापून!

का खाल्ली? जळून. दुसरं कारण नाही. आता ह्या वयात उगं कशाला लपवू?

आमच्या वर्गात प्रल्हाद नावाचा एक जण होता, झरीचा. आम्ही त्याला पल्ह्या म्हणायचो. मी पहिल्या बाकावर, तो शेवटच्या. माझा नंबर पहिला, त्याचा कितवा ते त्यालाच माहीत. गडी दिवसभर वहीच्या मागच्या पानावर मोटारपंपाची, चरख्याची, सायकलीची चित्रं काढायचा. मास्तर म्हणायचे, "भास्कर, तू नाव काढशील." पल्ह्याला म्हणायचे, "तू पंक्चर काढशील." मला ते लय आवडायचं.

पुढं मी बी.एस्सी. केलं, वकील झालो, अन् परभणीच्या कोर्टात बांधाच्या भांडणात जो घुसलो तो घुसलोच. पल्ह्या औरंगाबादला जाऊन इंजिनिअर झाला. मग मुंबईच्या सरकारी पेटंट कचेरीत परीक्षक. म्हणजे लोकांनी जे शोध लावलेत ते खरंच नवे आहेत, का कुणी आधीच करून ठेवलेत, हे तपासायचं. बरीच वर्षं तेच केलं, संध्याकाळच्या कॉलेजात वकिलीही शिकला, अन् मग नोकरी सोडून स्वतःच पेटंट वकील झाला. शोध लावणाऱ्याचा अर्ज लिहायचा, नकाशे जोडायचे अन् कचेरीशी भांडून त्याचा हक्क मिळवून द्यायचा.

हे सगळं मला पाठ कसं? आमच्या घरी ते रोज म्हटलं जायचं, रामरक्षेसारखं. आमच्या मंडळींचं, म्हणजे सुमनचं, माहेर झरीचंच ना!

"अहो, ऐकलंत का? प्रल्हाददादाकडं म्हणं जर्मनीचे लोक येतेत."

"येऊ दे की. माझ्याकडं राणीसावरगावचे येतेत."

"दादा म्हणं नुसतं चित्र बघून यंत्र कुठं अडतंय ते सांगतो."

"मीबी सातबारा बघून सांगतो कोण खोटं बोलायलंय!"

"वाढू का अजून भाजी?" असं म्हणून ती विषय बदलायची, पण अशा आवाजात की घास खाली उतरू नये.

त्यात शाळेनं पल्ह्याचा सत्कार ठेवला. नारळ, शाल, हार. मी मनात म्हटलं, आता हा सूट घालून येईल अन् इंग्रजी झाडेल. तर हा पठ्ठ्या साध्या चपला घालून आला, अन् मास्तरांच्या पाया पडून भाषण चक्क मराठीत केलं! आता अशा माणसाला नावं तरी कशी ठेवायची? लय त्रास झाला मला. तो सांगायलाय, "माझ्याकडं कुणी शोध घेऊन आला की मी सगळ्यात पहिला एकच प्रश्न विचारतो..." अन् नेमकं तेवढ्यात मी उठलो अन् पान खायला बाहेर गेलो. ऐकवेना. परत आलो तर टाळ्या चालू होत्या. प्रश्न कोणता, ते काही मी कुणाला विचारलं नाही.

पण डोक्यात किडा घुसला तो घुसलाच. कायदा काढून बघितला. त्या वेळी सायन्सची पदवी अन् वकिलीची सनद असली की पेटंटच्या कामासाठी नाव नोंदवता यायचं, परीक्षाबिरीक्षा काही नाही. म्हटलं, वा रे! पल्ह्यानं ज्यात जन्म घालवला ते आपल्याला एका अर्जात! नाव नोंदलं, दारावर पाटी लावली: 'पेटंटची सर्व कामे खात्रीपूर्वक केली जातील.' सुमननं पाटी वाचली अन् एवढंच विचारलं, "खात्री कुणाची?"

वर्षभर पाटीकडं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. अन् एक दिवस सखाराम मिस्त्री आला. राणीसावरगावचा लोहार, पन्नाशीचा, हाताला घट्टे, काखेत गोणीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक.

"रामराम वकीलसाहेब. जरा काम व्हतं."

"बसा मिस्त्री. बांधाचं का वाटणीचं?"

"न्हाई जी. ते झरीचे प्रल्हादसाहेब हाईत न्हवं, त्येंचा मुंबईचा पत्ता पायजे व्हता."

बघा! माझ्या घरी, माझ्या खुर्चीत, माझा चहा पिऊन, पत्ता कुणाचा? पल्ह्याचा!

"पत्ता कशाला? पाटी दिसली नाही का बाहेरची?"

"मला वाचता येत न्हाई साहेब."

मी वाचून दाखवली. दोनदा.

मिस्त्रीनं मग गोणी सोडली. कापूस वेचून झाला की शेतात उभी राहते ती पराटी. तिची मुळं जमिनीत अशी घट्ट बसलेली असतात की उपटता उपटता माणसाच्या तळहाताची सालं निघतात. मिस्त्रीनं त्यावर एक चिमटा केला होता. लांब दांडा, खाली लोखंडी जबडा, त्याला टेकू. जबड्यात पराटी धरायची, दांड्यावर रेटा द्यायचा, की मुळासकट बाहेर! मी स्वतः परसातली तुळस सोडून सगळी झाडं उपटून बघितली.

"माज्या कारभारणीचे हात बघून केला साहेब," मिस्त्री म्हणाला. "ह्यो एकच शोध लागलाय मला. दुसरा लागंल का न्हाई, सांगता येत न्हाई. शहरातल्या कारखानदारानं उचलला तर मी मेलो."

"मिस्त्री, आता हा चिमटा माझा!" मी म्हणालो. म्हणजे जबाबदारी माझी, असं म्हणायचं होतं. पण मिस्त्रीनं चिमटा जरासा आपल्याकडं ओढून घेतला, ते मला आठवतंय.

मग मी अर्ज लिहायला बसलो. आजवर जमिनीशिवाय दुसरं काही लिहिलं नव्हतं, त्यामुळं चिमट्याचं वर्णन असं उतरलं: 'येणेप्रमाणे चतुःसीमा. पूर्वेस सागवानी दांडा, पश्चिमेस लोखंडी जबडा, उत्तरेस मोकळी जागा, दक्षिणेस वापरणाराचा पाय.' हसू नका! मला त्या वेळी ते फार भारदस्त वाटलं होतं.

आता खरी माती पुढं आहे. मला सांगा, जमीन घ्यायची असली की वकील पहिलं काय करतो? पेपरात जाहीर नोटीस देतो. अमुक गट, अमुक क्षेत्र, आमचे अशील घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. कुणी बोललं नाही की व्यवहार पक्का, पुढं कुणी तोंड वर काढू शकत नाही. वीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती ही रीत. म्हटलं, चिमट्याचीही तशीच देऊ. हरकती आधी मिटवू, मग अर्ज लावू. पल्ह्याला हे कुठं सुचणार?

मिस्त्री घुटमळला. "साहेब, पर पेपरात समद्यांला सांगून टाकायचं का?"

"कायदा तुम्हाला कळतो का मला?"

"तुमालाच जी."

एवढ्यावर थांबलो असतो तरी वाचलो असतो. पण मला पल्ह्याला जळवायचं होतं ना! त्याला कार्ड टाकलं: 'पेटंटच्या कामास सुरुवात केली आहे. राणीसावरगावच्या मिस्त्रीचा पराटी उपटायचा चिमटा आहे. पुढील आठवड्यात जाहीर नोटीस देत आहे. तुझ्या माहितीस्तव.' चौथ्या दिवशी तार आली: 'नोटीस थांबव. आधी अर्ज. पत्र येत आहे.'

मी ती तार घेऊन थेट कोर्टासमोरच्या हॉटेलात गेलो अन् मोठ्यानं वाचली.

"बघा! मुंबईहून तार! जळायलाय पल्ह्या, जळायलाय!"

"मग तर वकीलसाहेब, मोठी छापा," हॉटेलवाला म्हणाला.

मोठी? अर्धं पान छापली! ड्रॉइंग मास्तरांकडून चिमट्याचं चित्र काढून घेतलं, समोरनं, बाजूनं, वरनं. प्रत्येक भागाचं माप इंचात. कुठल्या जाडीची पट्टी, कुठं भोक, सगळं. खाली ठळक अक्षरात माझं नाव, सनदेसकट. एरवी त्या दिवसांत नामांतराच्या मोर्च्यांत अन् बंदात आमच्याकडं पेपर दोन-दोन दिवस यायचा नाही. पण त्या आठवड्यात बंदसुद्धा नव्हता. पेपर वेळेवर निघाला अन् गावोगाव पोचला. पल्ह्याचं पत्रही आलं. ते मी फोडलंच नाही. जळक्या माणसाचं काय वाचायचं? टाकलं टेबलाच्या खणात.

पंधरा दिवस गेले. हरकत एकही नाही! आली ती सासऱ्यांची चिठ्ठी: 'चि. भास्कररावांस आशीर्वाद. आपल्या नोटिशीबरहुकूम येथील लोहाराने चिमटा केला. मापे बिनचूक आहेत. फक्त उपटलेली पराटी जबड्यात अडकून बसते, दर वेळी लाथ मारून काढावी लागते. बाकी उत्तम. अभिनंदन.'

मला तर गगन ठेंगणं झालं! मग येलदरीचा एक पक्षकार म्हणाला, "वकीलसाहेब, आमच्या लोहारानं तुमची नोटीस भात्यावर चिकटवलीय. तिच्यात बघून बघून चिमटे करायलाय." म्हटलं, वा! काय नाव झालंय! दोन दिवसांनी सुमन म्हणाली, "अहो, सगळेच करायलेत तर मिस्त्रीकडनं कोण घेणार?"

तेव्हा पहिल्यांदा मी ती नोटीस परत वाचायला घेतली.

अन् दुसऱ्याच दिवशी दारात पल्ह्या उभा! आईला भेटायला झरीला आला होता, येता येता रस्त्यात त्याला म्हणे तीन चिमटे दिसले. मी घाईघाईनं कागदांचा गठ्ठा पुढं केला. वर वकालतनामा, मग चतुःसीमा, अन् सगळ्यात खाली, लाल दोऱ्यानं बांधून, नोटिशीचं अर्धं पान.

"हे कशाला जोडलंस?"

"पुरावा. कुणाचीच हरकत नाही ह्याचा."

पल्ह्या मटकन खुर्चीत बसला. "भास्कर, अरे, पेटंट मिळतं ते नव्या वस्तूला. अर्जाआधी जी छापून आली ती नवी राहत नाही. कचेरीला आणखी काही शोधायचीसुद्धा गरज नाही. अर्ज बुडवायचा पुरावा तूच अर्जाला बांधलायस, तोही लाल दोऱ्यानं!"

"मग सांगायचं नाहीस का आधी?"

"तार केली. पत्र लिहिलं. माझं पत्र वाचलंस का?"

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी खणाकडं बघितलं. तिनंच उठून खण उघडला, पाकीट फोडलं अन् उभ्या उभ्या वाचलं. नोटीस का द्यायची नाही हे तर त्यात होतंच. शेवटी लिहिलं होतं: 'मिस्त्रीचा चिमटा अस्सल आहे. अर्ज आपण दोघं मिळून लावू. तुझं नाव वर टाकू, काम तुझं आहे. मी खाली राहीन.'

काय सांगू! त्या क्षणी त्यानं मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढा चांगुलपणा? लाज वाटत होती अन् त्यातही मेलं जळतच होतो!

मिस्त्रीला बोलावणं धाडलं. मी त्याच्यापुढं हात जोडले. "मिस्त्री, तुमचा शोध माझ्या हातनं गेला. अख्ख्या जिल्ह्याला वाटून बसलो मी."

मिस्त्रीनं गोणीतनं दुसरा चिमटा काढला. तसाच दांडा, तसाच जबडा. फक्त जबड्याच्या पोटात एक छोटी स्प्रिंग. परसात पुन्हा उगवलेली एरंडी धरली, उपटली, हात सैल सोडला, अन् एरंडी टपकन बाहेर पडली. लाथ नाही, काही नाही.

"सायकलीच्या शिटाची स्प्रिंग हाय," मिस्त्री म्हणाला. "ही पैल्यापासनं हाय जी. तुमाला दावली न्हवती."

"मला? तुमच्या वकिलाला?"

"साळंतल्या भाषणात मांडव मीच घातला व्हता साहेब. प्रल्हादसाहेब म्हणले न्हाई का, मी पैला सवाल इचारतो, ह्ये आतापत्तूर कुणाकुणाला दावलंय? अर्ज लागंस्तोवर पुरतं कुणालाच दावू नका म्हणले. म्हणून म्या कुणालाच न्हाई दावलं. तुमाला बी न्हाई."

पल्ह्या एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी पान खायला गेलो होतो तेवढ्यात मांडववाला माणूस माझ्यापेक्षा जास्त कायदा शिकून आला होता! पल्ह्यानं तिथंच माझ्या टेबलावर कागद ओढला अन् स्प्रिंगेचा अर्ज लिहायला घेतला. माझी चतुःसीमा मात्र त्यानं वाचली अन् म्हणाला, "हे एवढं तुझं बरोबर आहे बरं का. पेटंटातही हद्दच आखायची असते." समजूत काढत होता.

पुढं काही वर्षांनी मिस्त्रीला पेटंट मिळालं. गावोगावचे चिमटे मागं पडले, स्प्रिंगेचा चिमटा राणीसावरगावहूनच जायला लागला, अन् मिस्त्रीच्या घरी कारभारणीसकट सगळे कामाला लागले. पल्ह्यानं मला त्या पेटंटाची छापील प्रत पाठवली. वरती चिठ्ठी: 'तुझं नाव आलंय.'

मी लगेच उघडून बघितलं. खरंच होतं! तिसऱ्या परिच्छेदात. शोध नवा कसा हे सांगण्याआधी आधीचं काय काय माहीत होतं ते लिहावं लागतं ना, तिथं: 'परभणी येथील वकील श्री. भास्करराव यांनी प्रसिद्ध केलेल्या जाहीर नोटिशीतील चिमटा सर्वज्ञात असून तो सदोष आहे.'

सुमननं त्या पानाला फ्रेम केली. आमच्या बैठकीत आहे, बघा, त्या कॅलेंडरच्या शेजारी. कुणीही पाहुणा आला की ती कौतुकानं सांगते, "आमच्या ह्यांचं नाव पेटंटात आहे."

पाहुणा विचारतो, "हो का? कशासाठी?"

"नवं काय नाही, ते दाखवायला!"