दाजींचं आवतण

माझ्या दाजींइतका शब्द वाचवणारा माणूस पूर्णेच्या दोन्ही काठांवर झाला नाही. नदीत उतरून शोधला असता तरी सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सिद्धेश्वरच्या कालव्यावर ओव्हरसियर. सत्तर सालानंतर कधीतरी खात्याने त्यांना शहरात कॉम्प्युटर शिकायला पाठवलं. कॉम्प्युटर खोलीभर मोठा होता आणि त्याला धूळ चालत नसे, म्हणून दाजींना तो दाराच्या काचेतूनच दाखवण्यात आला. पण तिथल्या एका प्राध्यापकाने सांगितलं, की पुढे एक यंत्र पुरणार नाही. पुष्कळ यंत्रं तारांनी जोडून एकच गणित सगळ्यांत वाटून द्यावं लागेल, आणि तेव्हा वेळ गणितात जाणार नाही, यंत्रांनी एकमेकांना निरोप देण्यात जाईल. हे ऐकून जे दाजी परत आले ते वेगळेच होते. "गणित सोपं, निरोप महाग," असं त्यांनी एस.टी.तून उतरता उतरता कंडक्टरला ऐकवलं. कंडक्टर म्हणाला, "बराबर हाय सायेब, पन उतरा आता."

यंत्रं मिळेनात, तेव्हा त्यांनी कारकून जोडले. कालव्यात पाणी सोडलं की कुठे किती चढेल, हे गणित कचेरीचा आठवडा खात असे, कारण एकेका आकड्यासाठी सगळे हेडक्लार्कच्या टेबलापुढे रांग लावत. दाजींनी प्रत्येकाला कालव्याचा एकेक तुकडा दिला आणि कालव्याच्याच क्रमाने बसवलं. आपल्या कडेचं पाणी किती, एवढाच आकडा चिठ्ठीवर लिहून शेजाऱ्याला सरकवायचा. बाकी तोंड बंद. गणित जेवणाच्या सुट्टीआधी संपलं! दुपारी कचेरीत इतकी शांतता पसरली की मोठ्या साहेबांना झोप लागेना. खोट एकच. मधला कारकून तंबाखू मळायला बाहेर गेला की त्याच्या दोन्ही अंगांचे थांबत, मग त्यांच्या पलीकडचे, आणि बघता बघता अख्खा कालवा हातावर हात ठेवून बसे.

दहा बारके निरोप देण्यापेक्षा एक मोठा द्यावा, हा त्यांचा दुसरा नियम. रस्त्यात कुणी "काय सायेब?" म्हटलं, की ते पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकदम देऊन टाकत : "बरा आहे, घरचे बरे, पाऊस नाही, चहा झाला, येतो." समोरचा मग तिथेच उभा राहून प्रश्न आठवत बसे. घरातलं बोलणं आठवडाभर साठवून रविवारी अंघोळीनंतर. बुधवारची आमटी खारट होती हे ताईला रविवारी कळे. तोवर गुरुवारचीही खारट होऊन गेलेली असे. ताई म्हणायची, "मानूस सोन्यावानी हाय रे भाऊ. पन शालूला वाटतं, रविवारी घरी पावना येतो."

ही शालू, त्यांची एकुलती एक मुलगी. दाजींचं बिऱ्हाड जवळा बाजारकडच्या आमच्याच गावात होतं, तिचं लग्नही तिथेच निघालं. आमच्याकडे आवतण एकदा देऊन भागत नाही. स्वयंपाक झाला की घरच्या माणसाने पुन्हा दारोदार जाऊन "चला, ताटं वाढली" म्हणावं लागतं. नाहीतर गाव उपाशी मरेल, पण उठणार नाही. दाजींना ही उधळपट्टी वाटली. ते म्हणाले, "मी गड्याकरवी दोन घरांना निरोप देतो. त्यांनी पुढच्या दोन-दोन घरांना. त्यांनी त्यांच्या पुढच्या. चिलीम विझायच्या आत गाव गोळा."

मी मुलीचा मामा; म्हटलं, "दाजी, हे बरं दिसंल का?"

"निरोप दिसत नसतो, पोचत असतो."

आणि पोचला! वाऱ्याला मागे टाकून पोचला. अक्षता पडल्या, पत्रावळी मांडल्या, बुंदीवर माश्या जमल्या, पण गावातलं एक माणूस मांडवात आलं नाही. वसमतकडचे व्याही ओस पंगतीकडे बघत म्हणाले, "गाव तुमच्या दारी येत न्हाई व्हय? मंग आमी काहून जेवावं? गाडी जुंपा रे! सून घेऊन उपाशीच निघतो." ताईने पदराचा बोळा तोंडात धरला. वऱ्हाड उपाशी गेलं असतं तर शालूने ते सासरी जन्मभर ऐकलं असतं.

मी पळत आळीतलं मधलं घर गाठलं. "काका, काहून आला न्हाईत? सांगावा न्हाई आला?"

"आला की. आमी बी पुढच्या दोन घरी बराबर धाडला." काकांनी शांतपणे पान लावलं. "पन लगन शेजाऱ्याचं हाय व्हय?"

मी हे मांडवात येऊन सांगितलं. दाजी उठले. व्याह्यांना हात जोडून "थोडं थांबा" म्हणाले आणि गावात शिरले, मागे मी. पहिल्याच दारात त्यांनी सवयीने "ताटं वाढली, यावं, निघतो" म्हटलं. उंबऱ्यातली म्हातारी म्हणाली, "पोरीचा बाप हायेस का तार? बस अगुदर. ही भिंत बघ. माझा हात मोडला तवा शालूनं सारवलेली. रोज यायची. लई बोलायची गं बाई! तुजी वाटतच न्हाई."

पुढच्या घरच्या सुनेला शालूने माहेरी पत्र लिहायला शिकवलं होतं. त्यापुढच्या घरी ती लहानपणी बैलाला भिऊन धान्याच्या कणगीत लपली होती, आणि साऱ्या गल्लीने तिला हुडकलं होतं. साऱ्या गावाला ठाऊक आणि बापाला नाही, अशी मुलगी दाजींना घरोघर भेटत गेली. घरं उठून मांडवाकडे चालली, तसे दाजी हळू होत गेले. "अजून काय म्हणायची?" असं विचारू लागले. शेवटी मीच म्हणालो, "दाजी, गाव आलं, व्याही पानावर बसले. चला."

"ही आळी राहिली."

"तिथली मानसं तिकडं मांडवात जेवून राहिली, दाजी."

तरी ते त्या रिकाम्या आळीतून सावकाश चालत गेले, दारादारापुढे थांबत.

उन्हं कलताना बैलगाडी निघाली. दाजींनी गाडीच्या कठड्यावर हात ठेवला. "शालू, तुला बैलाची भीती वाटायची?"

"ल्हान होते तवा, बाबा. आता न्हाई वाटत."

"मग कधी गेली?"

ती सांगू लागली. ते ऐकत गाडीबरोबर चालू लागले. वेस गेली, हळदीची रानं लागली, तरी हात कठड्यावरच. वसमत लांब होतं, वऱ्हाडाच्या बाकीच्या गाड्या पुढे निघून गेल्या होत्या, पण गाडीवान काही बैलांना हाकेना.