उधाणाला भांग

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीलाही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय — आणि सांगतानाही आधी माझ्या चांगुलपणापासूनच सुरुवात करावीशी वाटते, बघा.

नव्वदच्या आसपास मी ठाण्यात, नौपाड्यात, आठ मुलांचा एक वर्ग चालवायचे. आज ज्यांना स्वमग्न म्हणतात, त्यांना तेव्हा सरसकट मतिमंद म्हणायचे. दर रविवारी मी त्यांना खाडीवर न्यायचे. ही कल्पना माझी, असं मी सगळीकडे सांगायचे. खरं तर ती हिराबाईंची. त्या चेंदणीच्या कोळीण, त्यांची सुमन माझ्या वर्गात. वर्गात कान दाबून किंचाळणारी सुमन खाडीच्या चिखलाशी तासभर शांत बसायची, चिखलातल्या निवट्या माशांच्या उड्या बघत. तिच्यामुळे बाकीची मुलंही बसायला शिकली.

त्या रविवारी हिराबाई सुमनला सोडून बाजाराला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "आज उधान हाय बाय. खारीन जाव नको."

खारीन म्हणजे खाडीत. उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेचं जोरकस पाणी, आणि भांग म्हणजे मधल्या दिवसांतलं कमी पाणी. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मग मी का गेले? पालक पहिल्यांदाच बघायला येणार होते. आणि — लपवण्यात काय अर्थ — मला एका कोळणीनं अडवलेलं आवडलं नाही.

पाणी भराभर चढलं. वर्गातला आदित्य चिखलात मांडीपर्यंत रुतला. होडीतल्या माणसांनी त्याला ओढून काढलं, म्हणून वाचला.

संध्याकाळी वर्गात पालक जमले. आदित्यच्या वडिलांनी विचारलं, पाण्याचं कुणाला विचारलं होतं? मी म्हणाले, "हिराबाईंना. त्या म्हणाल्या, भांग आहे."

किती सहज निघालं तोंडातून! कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. पण नौपाड्यात ते कुणाला कळणार?

हिराबाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं. त्या म्हणाल्या, "हां. पान्याची तिथ माजीच चुकली."

बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "रविवार बंद करू नको बाय. पोरीला दुसरं काय हाय?"

म्हणजे त्यांनी दोष अंगावर घेतला तो माझ्यासाठी नाही, सुमनच्या रविवारासाठी. मला ते तिथल्या तिथे कळलं. मी परत आत गेले तेव्हा पालकांनी अट घातली — सहल चालू ठेवा, पण खाडी नको आणि या मायलेकीही नकोत. मी हो म्हणाले. एकदाही अडखळले नाही.

पुढच्या रविवारी सात मुलांना घेऊन मी येऊरच्या जंगलाकडे निघाले. कोपऱ्यावर सुमन उभी दिसली, वेणी घालून, तयार होऊन. मी मुलांना मागच्या गल्लीतून नेलं.