शोभेचा दरवाजा

टॅक्सीतून उतरल्यावर आप्पांनी मान इतकी मागे टाकली की टोपीच पडली. समोर मुंबईतला तो ऑफिसांचा मनोरा उभा होता. मधे काचा, कडेनं गुलाबी दगड, माथ्यावर घुमट आणि पायथ्याशी तीन मजले उंच कमानीचा दरवाजा.

"अरे बेटा, हे तर आपलंच बुऱ्हाणपूर!" आप्पा म्हणाले.

मी इथं नोकरीच्या मुलाखतीला आलो होतो. घरातला पहिला पदवीधर एकटा कसा जाणार, म्हणून आप्पा इतवाऱ्यातल्या कापडदुकानातून रजा काढून सोबत आले. आईनं दराबा (रवा, साखर नि तूप फेटून केलेली आमच्याकडची मिठाई) बांधून दिला होता. मला ही नोकरी लागली, तर आप्पांचं दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांपुढे कापडाची ठाणं उलगडणं थांबणार होतं.

आम्ही परकोटातली (शहराभोवतीच्या तटाच्या आतली) माणसं. शुभकामाला बाजूच्या दारानं शिरणं आम्हाला पटत नाही. तेव्हा त्या मोठ्या दरवाज्यासमोर आम्ही बापलेक हात जोडून उभे राहिलो. दरवाजा बंद होता.

"मोठी ऑफिसं उशिरा उघडतात," मी सांगितलं. प्रथम श्रेणीत बी.कॉम. झालेल्या माणसाचं हे मत.

आमच्या शेजारून लोक भराभर डावीकडे वळत होते. ते नाश्त्याला चालले असावेत, असंही मी आप्पांना समजावलं. मुलाखतीची वेळ टळून गेली, तेव्हा आप्पांनी दरवाज्यावर थाप मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"ओ काका! तो उघडत नाही," चौकीदार धावत आला.

"मग लावला कशाला?"

"शोभेला."

"अन् मागे काय आहे?"

"भिंत."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाय सरळ केला.

"पळ आता," ते म्हणाले, "मी इथंच बसतो."

वर चौथ्या मजल्यावर मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी उशिराचं कारण विचारलं. उशीर झालाच तर सांगायला वाहतुकीवरचं इंग्रजी वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं. ऐनवेळी तोंडातून निघालं, "मॅडम, आम्ही भिंत उघडायची वाट बघत होतो."

त्या हसल्या. पुढचे प्रश्न मात्र त्यांनी हसत विचारले नाहीत. जीएसटीच्या एका प्रश्नाला मी इतक्या आत्मविश्वासानं चुकीचं उत्तर दिलं की त्यांनी चष्मा काढला.

खाली आलो, तर आप्पा त्या शोभेच्या उंबऱ्यावर बसून चौकीदाराला दराबा खिलवत होते. "उंबरा मात्र पक्का आहे," त्यांनी मला सांगितलं.

परतीच्या गाडीत, भुसावळ सोडल्यावर मोबाइलवर निरोप आला. निवड झाली नव्हती. आप्पांना झोप लागली होती. मी फोन खिशात ठेवला. बुऱ्हाणपूरला उतरलो, रिक्षात बसलो. रिक्षा इतवारा दरवाज्यातून आत शिरली, तेव्हा सांगून टाकलं, "आप्पा, त्यांनी नाही म्हटलं."

"मला त्या दरवाज्याशीच समजलं होतं," आप्पा टोपी नीट करत म्हणाले. "तू उगाच चार मजले चढलास."

मग रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, जरा दुकानावरून घे. उद्या येतो म्हणून सांगायचंय."

आता दुसऱ्या एका मुलाखतीचं बोलावणं आलंय. आप्पा पुन्हा सोबत येणार आहेत. यावेळी मी जीएसटी पक्का करतोय, आणि दरवाज्याचं आधी चौकीदाराला विचारायचं, हे आप्पांनी स्वतःकडे घेतलंय.